अठरा तासांचा अभ्यास आणि अठरा दिवसांची आठवण

एप्रिल महिना लागला की महाराष्ट्रात ठिकठिकाणी, महाविद्यालयांत, वसतिगृहांत, विहारांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम घेतला जातो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जयंतीला नुसता हार घालण्यापेक्षा एक दिवस तरी त्यांच्यासारखे पुस्तकाला बसू, ही त्यामागची भावना. भावना चांगलीच आहे. पहाटे बसलेली मुले-मुली रात्री उशिरा उठतात, फोटो निघतात, बातमी येते. मात्र एक प्रश्न आपण कधी विचारत नाही. त्या अठरा तासांत वाचलेले मे महिन्यात किती आठवते?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या मुलांसाठी हा प्रश्न फार जवळचा आहे. भिगवण, निमगाव केतकी, लासुर्णे, काटेवाडी, सुपे अशा गावांतून मुले तालुक्याच्या ठिकाणी येतात, खोली घेतात, अभ्यासिकेत जागा धरतात. तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी अशी स्वप्ने असतात. घरी आई-वडील मजुरी करतात, एमआयडीसीत कंत्राटावर जातात, नाहीतर दुसऱ्याच्या रानात राबतात. एकेक वर्ष म्हणजे त्यांच्या घामाचा पैसा. दोन-तीन प्रयत्न फसले की मुलगा म्हणतो, "वाचतो ते डोक्यात राहतच नाही. आपल्याला तेवढं डोकं नाही बहुतेक."

हे वाक्य त्याचे स्वतःचे नसते. 'तुम्हाला डोके नाही' हे आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. आज ते कोणी तोंडावर म्हणत नाही, पण आपलाच पोरगा ते स्वतःला म्हणू लागतो. म्हणून डोके म्हणजे काय, माणूस शिकतो कसा, विसरतो का, याची माहिती आपल्याला असायला हवी. हा विषय मानसशास्त्राच्या ज्या शाखेत येतो तिला बोधात्मक मानसशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, आतला मामला रोजचाच आहे.

उंदीर, चिंपांझी आणि डोक्यातला नकाशा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रात वर्तनवादाचा जोर होता. रशियातील पावलॉव्हने दाखवले की घंटेसारखा साधा आवाज आणि खाणे यांची जोडी वारंवार लावली की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. अमेरिकेतील स्किनरने दाखवले की ज्या कृतीनंतर बक्षीस मिळते ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. शिकणे म्हणजे सवय लागणे, असा या मंडळींचा एकूण सूर होता. आपल्या शाळांतली छडी आणि शाबासकी याच चालीची आहे.

पण काही गोष्टी या चौकटीत बसेनात. वोल्फगांग क्योलर हा जर्मन शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरिफ बेटावर चिंपांझींवर प्रयोग करत होता. त्याच्या सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन आखूड नळ्या एकमेकींत खोचून लांब काठी केली आणि पिंजऱ्याबाहेरचे केळे ओढून घेतले. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. अमेरिकेतील एडवर्ड टोलमनला असे आढळले की भुलभुलैयात नुसते फिरलेले उंदीरही, कोणतेही बक्षीस न मिळता, त्या जागेची माहिती डोक्यात साठवत असतात. पुढे खाणे ठेवले की ते ती माहिती वापरतात. याला त्याने १९४८ साली डोक्यातला नकाशा असे म्हटले. कालव्याच्या कडेचा नेहमीचा रस्ता चिखलाने बंद झाला की आपली पोरे उसाच्या बांधावरून बरोबर शाळा गाठतात, ती याच नकाशाच्या जोरावर.

म्हणजे बाहेरून दिसणारे वर्तन आणि बाहेरून मिळणारे बक्षीस यांच्यामध्ये मन नावाचे काहीतरी काम करत असते. ते माहिती घेते, निवडते, जुन्याशी जोडते, साठवते, परत काढते. या कामाचा अभ्यास म्हणजे बोधात्मक मानसशास्त्र. १९६७ साली उल्रिक नायसर यांचे याच नावाचे पुस्तक आले आणि हे नाव रूढ झाले.

पहिली पायरी : लक्ष

जयंतीच्या मिरवणुकीत कानठळ्या बसवणारा आवाज चालू असतो. तरीही मागून कोणी आपल्या नावाने हाक मारली की मान वळते. कानावर शंभर आवाज पडतात, मन त्यातला एखादाच आत घेते. या निवडीला अवधान म्हणतात. इंग्लंडच्या कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे ऐकवून हे तपासले. लोकांना एकाच कानातले भाषण नीट सांगता आले. दुसऱ्या कानात काय बोलले गेले याचा अर्थ जवळजवळ कोणालाच सांगता आला नाही.

याचा सरळ अर्थ असा की अर्थ लावण्याची दोन कामे एका वेळी होत नाहीत. पुस्तक उघडे आणि शेजारी मोबाईल, अशा वेळी आपण दोन्ही करत नसतो, आपण इकडून तिकडे उड्या मारत असतो. प्रत्येक उडीला वेळ जातो आणि मागचा धागा सुटतो. सहा तास बसून दोन तासांचा अभ्यास होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. जे लक्षाच्या दारातून आतच आले नाही, ते आठवणार कुठून?

दुसरी पायरी : मनाचा छोटा ओटा

आत आलेली माहिती आधी थोड्या वेळापुरती धरली जाते. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी ही जागा आहे. कणीक मळायची, भाजी चिरायची ती ओट्यावर, आणि साठा ठेवायचा तो डब्यांत. ओटा लहान असतो. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढे २००१ साली नेल्सन कोवान यांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. नुसते धरून न ठेवता त्यावर काम करणाऱ्या या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. ब्रिटिश संशोधक बॅडली आणि हिच यांनी १९७४ साली तिची मांडणी केली.

ओटा सगळ्यांचाच लहान. मग काही जणांच्या डोक्यात जास्त कसे मावते? एक प्रयोग करून पाहा. हे आठ अंक एकदाच वाचा आणि डोळे मिटून म्हणा : १४०४१८९१. तुम्हाला अडचण आली नसणार. १४ एप्रिल १८९१. आपल्यासाठी ही एकच गोष्ट आहे, परदेशातल्या एखाद्या माणसासाठी हे आठ सुटे अंक आहेत. त्याचे डोके तुमच्यापेक्षा कमी नाही. तुमच्याकडे जी आधीची माहिती आहे ती त्याच्याकडे नाही, एवढाच फरक. सुटे अंक एकत्र बांधून त्यांची एक मोळी करणे, ही स्मृतीची मोठी युक्ती आहे. मोळी बांधायला दोर लागतो, आणि तो दोर म्हणजे पूर्वज्ञान.

हे आपल्या परंपरेला जुने आहे. भगवान बुद्धांची वचने कित्येक शतके लिहिलेली नव्हती, भाणक भिक्खूंनी ती पाठ करून जपली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ती लिहिली गेली, असे तिथला इतिहास सांगतो. तोवर जपण्यासाठी काय केले होते? चार आर्यसत्ये, पाच शीले, आठ अंगांचा मार्ग, दहा पारमिता. सगळे मोजून, मोळ्या बांधून. अंगुत्तर निकाय तर पूर्ण ग्रंथच एक, दोन, तीन अशा आकड्यांनी लावलेला आहे. शिवाय सगळ्यांनी मिळून म्हणायचे, म्हणजे एकाचे चुकले तर दुसरा सांभाळून घेईल.

ओट्यावर गर्दी झाली की काय होते याचे घरचे उदाहरण म्हणजे मराठी आकडे. 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, तीन नंतर. लहान मूल ऐकेल तसे लिहिते आणि ३२ लिहून मोकळे होते. 'एकोणतीस'मध्ये नऊ ऐकूच येत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत दिली गेली. तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला, भरपूर टिंगलही झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरांचे हे आकडे मुलांना अवघड जातात आणि गणिताची भीती तिथूनच बसते. पद्धत बदलावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण तेवीसला बत्तीस लिहिणाऱ्या पोराला 'ढ' म्हणण्याआधी त्याच्या ओट्यावर आपण किती ओझे ठेवले ते पाहावे, एवढे तरी या वादातून घ्यावे.

तिसरी पायरी : साठवण आणि गळती

ओट्यावरचे डब्यात गेले की ती दीर्घकालीन स्मृती. तिच्या क्षमतेची मर्यादा आजवर कोणाला सापडलेली नाही. मग आपण विसरतो का? जर्मनीतील हेर्मान एबिंगहाउस यांनी हे स्वतःवरच तपासले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची, काही वेळाने तीच पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्या वेळी किती मेहनत वाचली ते मोजायचे. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के बचत उरली होती, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याने सुमारे २१ टक्के. म्हणजे सर्वात मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, पुढे ती मंदावते. अर्थ कळलेल्या मजकुराची गळती यापेक्षा कमी असते, पण चाल तीच.

याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे आणि आपल्या अठरा तासांच्या दृष्टीने ती सर्वात महत्त्वाची. बारा अक्षरांची एक माळ एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्याने झाला. जवळजवळ निम्म्या कष्टात तेच काम. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या वयांच्या लोकांवर, वेगवेगळ्या विषयांवर हा प्रयोग झाला आणि निष्कर्ष टिकला. अभ्यास एका दमात करण्यापेक्षा अंतर ठेवून वाटला तर तो जास्त टिकतो.

उसाला पाणी देणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. महिन्याचे पाणी एकाच दिवशी सोडले तर ते वाहून जाते, खाली जमीनही खराब होते. पाळीने दिले, ठिबकने दिले तर मुळाशी मुरते.

बाबासाहेबांनी तरी काय केले? १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांचा अभ्यास एका दिवसाचा सोहळा नव्हता. ते रोज वाचत, टिपणे काढत, लिहीत, व्याख्याने ऐकत, चर्चासत्रात आपला निबंध मांडून त्यावरची टीका झेलत. 'भारतातील जाती' हा त्यांचा निबंध १९१६ साली अशाच चर्चासत्रात वाचला गेला. अठरा तासांपेक्षा त्यामागचे 'रोज' महत्त्वाचे होते, आणि वाचनाइतकेच मांडणे महत्त्वाचे होते.

आठवून पाहणे हाच अभ्यास

अभ्यासिकेत सर्वात जास्त काय दिसते? तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे आणि रंगीत पेनाने ओळी रंगवणे. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि मन म्हणते, झाले, येतेय आपल्याला. इथेच फसगत होते. ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. एसटीत समोर बसलेला माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव विचारले तर सांगता येत नाही, तसे हे आहे.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हा फरक आकड्यांत दाखवला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक न बघता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे आपल्याला माहीत आहे.

तेव्हा पुस्तक मिटा आणि कागद घ्या. राज्यघटनेची कलमे १४ ते १७ न बघता लिहा. कायद्यापुढे समानता, भेदभावास मनाई, सार्वजनिक नोकरीत समान संधी, अस्पृश्यता नष्ट. कोणते अडले? जे अडले तिथेच उद्या जायचे. अडणे म्हणजे अपयश नव्हे. आठवण्याचा तो प्रयत्नच वाट मळवतो, आणि लगेच बरोबर उत्तर पाहून घेतले की वाट पक्की होते.

झोपेचेही एक. १९२४ सालापासूनचे प्रयोग सांगतात की शिकल्यानंतर जागे राहिलेल्यांपेक्षा झोपलेल्यांना जास्त आठवते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढणे म्हणजे आठवडाभराचे पीक काढणीला आले असताना पाण्यात सोडणे.

नवे ज्ञान जुन्याला धरून उगवते

फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९३२ साली दाखवले की माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही. त्याने इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली. काही काळाने त्यांनी ती सांगितली तेव्हा त्यात त्यांच्या ओळखीच्या गोष्टी आल्या होत्या, अनोळखी गोष्टी गळाल्या होत्या. डोक्यात आधी जे साचे असतात त्यांत आपण नवे बसवतो. साचा नसेल तर नवे घसरून पडते.

आता विचार करा. पाठ्यपुस्तकातले जग ज्या घराशी जुळते, त्या मुलाला साचे घरातच मिळतात. ऊसतोड मजुराच्या मुलाला ते मिळत नाहीत. हंगामात त्याचे आई-वडील मुकादमाची उचल घेऊन फडावर येतात, पोर सोबत येते, शाळा गावाकडे राहते. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर या कारखान्यांच्या परिसरात हे चित्र आपण दरवर्षी पाहतो. पण या मुलाचे डोके रिकामे आहे का? त्याला मोळीचे वजन अंदाजाने कळते, ट्रॉली भरायला किती मोळ्या लागतील ते कळते, टनाचा हिशेब कळतो. हे गणितच आहे. शाळा ते विचारत नाही.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात कॅरहर दाम्पत्य आणि श्लीमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन 'दहा नारळांचे किती?' असे विचारले तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. डोके तेच, हिशेब तोच. फरक प्रश्नाच्या भाषेचा होता. मुले पाचच होती, पण आपल्या आठवडे बाजारात आईशेजारी भाजी विकणाऱ्या पोरांकडे बघितले तर ही गोष्ट परकी वाटत नाही.

यावर काम झालेले ठिकाण आपल्या अगदी शेजारी आहे. नीरेपलीकडे फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेतून येऊन स्थायिक झाल्या. दलित वस्तीतली मुले शाळेत का टिकत नाहीत, वाचायला का शिकत नाहीत, हा प्रश्न त्यांनी धरला आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, मग कधीतरी शब्द, या जुन्या क्रमाऐवजी थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा घेऊन पहिल्या दिवसांपासूनच अर्थाचे शब्द वाचायचे, अशी त्यांची पद्धत. ओट्यावर थोडेच ठेवायचे आणि ते लगेच ओळखीच्या जगाला जोडायचे. वर सांगितलेले सगळे मानसशास्त्र यात आहे.

रशियातील लेव व्हायगॉट्स्की, जो १९३४ साली अवघ्या ३७ व्या वर्षी गेला, त्याची एक कल्पना कार्यकर्त्यांनी जरूर लक्षात ठेवावी. मुलाला एकट्याला काय येते आणि कोणाच्या थोड्या मदतीने काय येते, या दोन्हींमधली जागा ही शिकण्याची खरी जागा. त्यापेक्षा सोपे दिले तर कंटाळा, त्यापेक्षा अवघड दिले तर भीती. आणि मदत करणारा शिक्षकच हवा असे नाही. दहावीची ताई सातवीच्या मुलाला चालते.

डोक्यावरचे ओझे कोणाचे?

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. 'आपल्याला डोकं नाही.'

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. निष्कर्ष २००४ साली आले. सवर्ण ३२१ आणि अनुसूचित जातीचे ३२१ मुलगे. सहा-सहा जणांच्या गटाला कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, सुटेल त्याचे पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हींची कामगिरी सारखीच होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली तेव्हा अनुसूचित जातीची मुले मागे पडली. मुले तशीच, कोडी तीच. त्यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांना त्यांची 'जागा' आठवून दिली गेली होती. अमेरिकेत स्टील आणि अॅरन्सन यांनी १९९५ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत असाच परिणाम मांडला होता. पुढच्या काही प्रयोगांत तो तितका ठळक दिसला नाही, त्यामुळे सगळे यावरच ढकलता येणार नाही. पण वर्गात जात पुकारून शिष्यवृत्तीचे अर्ज वाटणे ही साधी गोष्ट नाही, हे आपल्याला अनुभवानेही कळते.

दुसरा प्रयोग तर उसाचाच आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या दोनदा घेतल्या गेल्या, एकदा तोडणीआधी हाताशी पैसा नसताना, एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कडकीत कमी गुण मिळवत होता आणि पैसा आल्यावर जास्त. चिंता मनाच्या ओट्यावर जागा अडवून बसते, उरलेल्या जागेत विचार करावा लागतो. ज्याच्या नावावर ऊस आहे त्याची ही गत, तर जो तो ऊस तोडतो त्याच्या पोराचे काय?

म्हणून गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्याला एवढेच विचारावे की गुण मोजताना ओझे मोजले का? आणि आपल्या पोराने स्वतःला नाव ठेवण्याआधी हेच स्वतःला विचारावे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे, वसतिगृहात जागा मिळणे, खोलीभाड्याची चिंता मिटणे, या मागण्या दयेच्या नाहीत. त्या डोक्यातली जागा मोकळी करण्याच्या आहेत.

विहारात काय करता येईल?

कोलंबियात बाबासाहेबांचे एक शिक्षक होते जॉन ड्यूई. १९१० साली त्यांनी विचार कसा होतो यावर पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे असे की विचाराची सुरुवात खऱ्या अडचणीपासून होते. नुसते ऐकून घेतलेले ज्ञान अडचणीत उपयोगी पडत नाही. बौद्ध परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : ऐकून आलेली, चिंतनातून आलेली आणि भावनेतून, म्हणजे सरावातून आलेली. आपले बहुतेक वर्ग पहिल्याच पायरीवर थांबतात. पुढच्या दोन पायऱ्यांसाठी पैसा फार लागत नाही.

१. अठरा तासांचा उपक्रम जरूर ठेवा, पण त्याला शेपूट जोडा. १४ एप्रिलला जे वाचले त्यावर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्धा-अर्धा तास पुस्तक मिटून लिहायला बसा. जमत असेल तर रोज एक तास, अठरा दिवस, असाही उपक्रम घ्या.

२. अभ्यासिकेच्या दारात मोबाईल ठेवायला एक पेटी करा. पन्नास मिनिटे अभ्यास, दहा मिनिटे सुट्टी.

३. रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरे घ्या. प्रश्न मुलांनीच काढायचे. प्रश्न काढायला मजकूर कळावा लागतो.

४. मोठ्या मुलांना लहानांना शिकवायला बसवा. शिकवणाऱ्याचा अभ्यास त्यात जास्त पक्का होतो.

५. गणित मोळी, ट्रॉली, बाजार, बचत गटाचे व्याज इथून सुरू करा आणि मग पुस्तकातल्या आकड्यांकडे न्या. दुसरी पायरी सोडू नका, परीक्षा पुस्तकातल्याच भाषेत असते.

६. हंगामात फडावर आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुले आपल्या गावात चार-पाच महिने असतात. संध्याकाळी तासभर त्यांच्या कोप्यांवर जा. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. आपल्याला फड गाठायचा आहे.

७. 'ढ', 'मठ्ठ', 'तुझ्याच्याने नाही व्हायचं' हे शब्द विहाराच्या आवारात बंद.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'शिका' हा आहे. तो आपण भिंतीवर लिहिला, गाडीवर लिहिला. शिकायचे कसे, हेही आता एकमेकांना सांगू या. अभ्यासिकेत रात्री साडेदहाला कोणी पोरगा पुस्तक मिटून "आपल्याला डोकं नाही" म्हणाला, तर त्याच्या शेजारी बसा, त्याच्या हातात कोरा कागद द्या आणि म्हणा, "आज वाचलंस त्यातलं आठवेल तेवढं लिही." जेवढे लिहील तेवढे त्याचेच आहे. उरलेले उद्या.